‘मलाच आई म्हणतोय, उद्या आईला विसरला तर?’

दिवाळीनंतर बीडकडच्या गावांत गेलं की एखादी तरी आजी मला हे विचारतेच. यंदाची आजी चार वर्षांच्या नातवाचं बोट धरून आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्याला. मग सून मागे कशी राहणार? पोरच राहतं, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे उसाचा हंगाम संपेपर्यंत. पाच-सहा महिने. चार वर्षांच्या जिवाला हा काळ केवढा मोठा!

घडलं होतं असं. अंगणवाडीत ‘माझं कुटुंब’चा तक्ता लावलेला. ‘तुझी आई दाखव,’ म्हटल्यावर त्यानं पांढऱ्या केसांच्या बाईवर बोट ठेवलं. ‘अरे, ती आजी. आई ही,’ सेविकाताईंनी दुरुस्त केलं. पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून हा अंगणवाडीच्या दारातच अडून बसायला लागला.

मी आजींना विचारलं, ‘याला भरवतं कोण? रात्री कुणाच्या कुशीत झोपतो?’

‘मीच की.’

‘मग त्याचं काय चुकलं?’

या वयात नातं कळतं ते हातांवरून. न्हाऊ घालणारे, घास भरवणारे, पडलं की उचलणारे हात. त्यानं अगदी बरोबर उत्तर दिलं होतं. तक्त्यात त्याच्या घराला जागा नव्हती, एवढंच.

सेविकाताई मनापासून काम करणाऱ्या. तक्ता काढूनच टाकते म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या, आपण शेजारी आणखी काही करू. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा आजूबाजूला मिळेल त्या वस्तूंतूनच मुलांना शिकवलं. आम्ही चिंचोके घेतले. खडूनं प्रत्येकाचं एक घर आखलं आणि म्हटलं, ‘घरातल्या प्रत्येकासाठी एक चिंचोका ठेवा.’ कोण असायला हवं, ते सांगितलं नाही. एकीनं चुलत्यांसकट अकरा मांडले. एकीचे दोनच, ती आणि आई. एकानं शेळीलाही ठेवला. आम्ही तोही मोजला.

आमच्या या बाळानं घरात दोन ठेवले. उरलेले दोन मुठीत धरून बराच वेळ बसला. मग लांब, भिंतीपाशी ठेवून आला आणि तिथून घरापर्यंत बोटानं रेघ ओढली. ‘आईबाबा उसात हायत. ही सडक.’

तो काहीच विसरला नव्हता. आजींनी डोळ्यांना पदर लावला.

त्यांना मी सांगितलं, आई म्हणाला तर म्हणू द्या, टोकू नका. ‘आई उसाला गेलीय, पट्टा पडला की येणार’ हे रोज, त्याच शब्दांत सांगा. फोन शक्यतो ठरल्या वेळी लावा. अंथरुणात तिची जुनी साडी असू द्या. सुनेशीही मी फोनवर बोलले. आल्यावर त्याला ओढून घेऊ नको, ‘आई कोण, सांग’ अशी परीक्षा घेऊ नको. तो लपेल, तुला लागेल, तरी थांब. आधी त्याचं एखादं काम आपल्या हातात घे.

गुढीपाडव्यानंतर ती आली. दोन दिवस तो आजीच्या पदराआड होता. तिसऱ्या दिवशी आजींचा फोन आला, ‘आज आंघोळ तिनं घातली, ताई. म्या नुसतं पाणी काढून दिलं.’