जपानी भाषा, पैठणी आणि जपानची सहल: फरकाचे 1,80,000 कुठे लावावेत?

लातूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात लिपिक आहेत आणि हातात 46,000 रुपये पगार येतो. यजमानांचं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगा जूनमध्ये नववीत जाईल. थकीत वेतनाचा 1,80,000 रुपयांचा फरक नुकताच खात्यावर जमा झाला आहे. ताईंना जपानी भाषा शिकायची आहे, एक खरी पैठणी घ्यायची आहे आणि येत्या दिवाळीत दोन मैत्रिणींबरोबर जपानला जायचं आहे. टूर कंपनीने 2,20,000 रुपये सांगितले आहेत. खाऊपिऊ आणि खरेदी धरून 2,50,000 होतील. त्यासाठी 2 लाखांचं वैयक्तिक कर्ज काढावं की टपाल खात्यातली आवर्ती ठेव मोडावी, असा त्यांचा प्रश्न आहे. यजमान म्हणतात, मल्टिस्टेटमध्ये 12 टक्के मिळतात, तिथे टाक, नाहीतर मृग तोंडावर आलाय, दुकानाच्या मालाला दे. पत्राच्या शेवटी ताई विचारतात, "ही उधळपट्टी तर नाही ना?"

ताई, उधळपट्टी मुळीच नाही. तुम्ही पाठवलेला हिशेबच हे सांगतो. घराच्या कर्जाचा हप्ता 11,500, किराणा-भाजीपाला 9,000, मुलाची शाळा आणि ऑटो 4,500, आवर्ती ठेव 3,000, विमा 2,000, आईला 2,000, पेट्रोल-मोबाईल आणि किरकोळ 2,500. बेरीज 34,500. म्हणजे घरासाठी, मुलासाठी आणि आईसाठी जे करायचं ते सगळं करून दरमहा 11,500 रुपये उरतात. "हे कुठे जातात तेच कळत नाही" असं तुम्ही लिहिलंय. सोबत मोबाईलवरच्या ऑर्डरींचा जो फोटो पाठवलात त्यात उत्तर आहे: तीनशेची ओढणी, साडेचारशेचे डबे, सातशेची चप्पल. पगाराचा चौथा भाग असा नकळत संपतो आणि ज्या तीन गोष्टी खरोखर हव्यात त्यांच्यासाठी मात्र कर्जाचा विचार करावा लागतो. तुमच्या आवडींवर माझा काहीच आक्षेप नाही. त्यांचे पैसे आधी बाजूला पडत नाहीत, एवढीच अडचण आहे.

आता कर्जाचं बघू. 2 लाख रुपये 14 टक्क्यांनी, 3 वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण 6,835 रुपये. एकूण फेड 2,46,000 च्या घरात, म्हणजे व्याजच 46,000. प्रक्रिया शुल्क 2 टक्के धरलं तर जीएसटीसह 4,720 रुपये वर. हे कर्ज या दिवाळीत सुरू झालं तर 36 हप्ते तिसऱ्या दिवाळीपर्यंत चालतील. मधल्या काळात मुलाची दहावी होईल आणि तो अकरावीला जाईल. लातुरात अकरावीचा जून म्हणजे क्लासच्या फीचा जून, हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन वर्षांच्या क्लासचा दीड-दोन लाखांचा अंदाज तुम्हीच लिहिला आहे.

याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवा. फरकातले 55,000 बँकेत मुदत ठेवीत ठेवले आणि दरमहा 7,000 ची आवर्ती ठेव सुरू केली, दोन्हींना साडेसहा टक्के धरले, तर 24 महिन्यांनी मुदत ठेवीचे साधारण 62,500 आणि आवर्ती ठेवीचे 1,79,000 होतात. एकूण 2,41,500 च्या आसपास. कर्जाचा हप्ता 6,835, बचतीचा हप्ता 7,000. महिन्याचा बोजा जवळपास तोच, पण कर्जाचे हप्ते 36 आणि बचतीचे 24. जपान तेच. वर्षभराचे जास्तीचे हप्ते फक्त दीड वर्ष आधी जाण्यासाठी भरायचे आहेत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: या दिवाळीत जाऊ नका. मैत्रिणी थांबल्या नाहीत तर त्यांची सोबत हुकेल आणि ते नुकसान खरं आहे, त्याला रुपयांत भरपाई नाही. त्यांना एकदा विचारून बघा. कदाचित त्यांनाही दोन वर्षांनी जाणं सोयीचं असेल.

दोन वर्षांनंतरचा मे महिना मला या सहलीसाठी जास्त चांगला वाटतो. मुलाची दहावी संपलेली असेल, अकरावी सुरू व्हायची असेल, तुमच्या महाविद्यालयाला सुटी असेल. जपानमध्ये 29 एप्रिलपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सलग सुट्ट्या असतात. त्या काळात तिथली माणसंच फिरायला बाहेर पडतात, हॉटेलं महाग होतात, गाड्या भरून वाहतात. त्या टळल्या की मेच्या मधल्या पंधरवड्यात हवा छान असते आणि बऱ्याच भागात पाऊस जूनमध्ये लागतो. चेरीचा बहर मात्र मिळणार नाही. तो मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला असतो आणि तुमच्याकडे ते दिवस परीक्षेच्या कामाचे.

हिशेबात 8-9 हजारांची तूट आहे, आणि दोन वर्षांत टूरची किंमत वाढली तर ती आणखी वाढेल. महागाई भत्त्याचा फरक अधूनमधून मिळतो, तो याच खात्यात टाकत जा. तरीही कमी पडलं तर तिथल्या खाऊपिऊ आणि खरेदीसाठी धरलेल्या 30,000 ला कात्री लावा.

टपालाची आवर्ती ठेव मोडण्याचा विचार सोडून द्या. तीन वर्षांत तुम्ही 1,08,000 भरले आहेत. मुदतीआधी मोडली तर व्याज बचत खात्याच्या दराने, म्हणजे 4 टक्क्यांनी मिळतं. व्याजातला तोटा चार-पाच हजारांचा आहे, त्याने घर बुडत नाही. पण हीच ठेव आणखी दोन वर्षांनी, नेमकी अकरावीच्या तोंडावर, दोन लाख दहा हजारांच्या पुढे जाऊन हातात येणार आहे. मुलाच्या क्लासची सोय तुम्ही तीन वर्षांपूर्वीच करून ठेवलीत. तिला हात लावू नका.

यजमानांच्या दोन्ही सूचनांवर सविस्तर लिहितो, कारण घरात खरी चर्चा इथेच होणार आहे. मल्टिस्टेट ही सहकारी पतसंस्था असते, ती बँक नव्हे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. सहकारी बँकाही त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. बीड आणि छत्रपती संभाजीनगर भागात गेल्या काही वर्षांत मल्टिस्टेटच्या बंद दारांपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या, त्यात तुमच्यासारखेच पगारदार आणि निवृत्त लोक होते. बँकेपेक्षा पाच-साडेपाच टक्के जास्त म्हणजे 1,80,000 वर वर्षाला नऊ-दहा हजार. तेवढ्यासाठी मुद्दल पणाला लावायची नाही.

दुकानाची गोष्ट वेगळी आहे, तिथे यजमानांची अडचण खरी आहे. खत-बियाण्याचा माल मे-जूनमध्ये भरायचा, तो शेतकऱ्याला उधारीवर द्यायचा आणि वसुली सोयाबीन विकल्यावर, दिवाळीच्या पुढे-मागे. पाऊस लांबला किंवा भाव पडला की वसुली तुरीवर ढकलली जाते. या चक्रात एकदा गेलेला घरातला पैसा जानेवारीपर्यंत दिसत नाही, आणि पुढच्या मेमध्ये तो परत मालातच जातो. मालासाठी बँकेचं कॅश क्रेडिट खातं हेच योग्य साधन आहे. वापराल तेवढ्याच रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज, वसुली आली की भरून टाकायचं. यजमानांचं असं खातं नसेल तर गेल्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं, परवाना आणि साठ्याचा हिशेब घेऊन बँकेत विचारायला सांगा.

फरकातले 1,00,000 घरच्या अडीअडचणीसाठी राहू द्या. तुमच्या 34,500 च्या खर्चाचे हे जेमतेम तीन महिने होतात. यजमानांचं उत्पन्न हंगामी असल्यामुळे एवढं तरी हवंच. 25-25 हजारांच्या चार मुदत ठेवी करा, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. ठेवी तुमच्या नावावर, नॉमिनी म्हणून यजमान. जपानच्या 55,000 ची ठेव मात्र वेगळी ठेवा.

राहिले 25,000. त्यांची पैठणी घ्या, मनात कसलीही बोच न ठेवता. तुम्हाला प्रदर्शनात 28,000 ची पैठणी बिनव्याजी नऊ हप्त्यांत सांगितली आहे. बिनव्याजी म्हणजे बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट किमतीत दाखवतो. 15 टक्के दराने हे व्याज सतराशे-अठराशे रुपये होतं. त्यावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याकडूनच घेतात. रोख देणाऱ्याने घासाघीस केली तर विक्रेत्याला ते सतराशे सोडता येतात. आणि एखादा महिना कार्डाची पूर्ण रक्कम भरायची राहिली तर थकबाकीवर महिन्याला पावणेचार टक्क्यांपर्यंत व्याज लागतं, म्हणजे वर्षाचे 45 टक्के.

साडी बघताना आधी पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर किंवा मुनिया पुढून जशी दिसते तशीच मागून दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्या-त्या जागीच गुंफून वळवलेला असतो. यंत्रमागाच्या सेमी-पैठणीत मागच्या बाजूला सुटे, आडवे धागे लोंबतात किंवा ते कापून टाकल्याच्या खुणा दिसतात. काठही असाच उलटून बघा. रेशमासाठी सिल्क मार्कचं लेबल मागा. बिलावर "हातमाग पैठणी" आणि जरीचा प्रकार लिहून घ्या. लिहून द्यायला जो कांकूं करतो त्याच्याकडून घेऊ नका. शक्य असेल तर एक रविवार काढून पैठणला जा. तिथे माग चालताना बघता येतो आणि नुसत्या काठापदराची आणि भरजरी पदराची किंमत एवढी वेगळी का, हे डोळ्यांनी कळतं. 25,000 मध्ये बसेल तीच घ्या. "पैठणी म्हणजे गुंतवणूक" असं विक्रेता म्हणेल, पण ती विकायला गेलात तर निम्मीही किंमत येईल याची खात्री नाही. ती नेसायला घ्या.

भाषेचा क्लास याच महिन्यात सुरू करा. तुम्हाला दोन पर्याय मिळाले आहेत: एन5 चा (जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वांत सोपी पातळी) सहा महिन्यांचा ऑनलाइन वर्ग, 15,000 रुपये, महिन्याला 2,500 भरून. दुसरा एन5 ते एन3, 72,000 रुपये, "सोप्या हप्त्यांत". पहिला घ्या. दुसऱ्यात हप्ते क्लासला जात नाहीत. बहुतेकदा एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज तुमच्या नावावर निघतं, पैसे क्लासला एकरकमी मिळतात आणि तुमच्या खात्यातून वसुली चालू राहते. शिक्षक बदलले, वेळ जमेना म्हणून तुम्ही शिकणं सोडलं तरी हप्ता सुटत नाही. चुकला तर सिबिलवर डाग. कुठेही ओटीपी देण्याआधी कर्जाचं मुख्य तथ्यपत्रक मागा. ते मिळालं याचा अर्थच ते कर्ज आहे.

एन5 साठी 46-46 अक्षरांच्या दोन लिप्या, शंभरेक कांजी (चिनी लिपीतून आलेली चित्राक्षरं) आणि आठशेच्या आसपास शब्द लागतात. परीक्षेत वाचन आणि श्रवण असतं, बोलण्याची परीक्षा नसते. क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे मराठी माणसाला वाक्यं लवकर जमतात, अडतं ते कांजीवर. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. आत्ता सुरुवात केलीत तर डिसेंबर गाठता येईल, पण अर्ज काही महिने आधीच भरावा लागतो, त्यामुळे तारखांवर ऑगस्टपासूनच लक्ष ठेवा. तुम्हाला पुणे केंद्र सोयीचं, लातूर-मुंबई एक्स्प्रेस पुण्यावरूनच जाते. आधी पंधरा दिवस एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण सेवेचे हिंदीतले जपानीचे मोफत धडे ऐका. रोज अर्धा तास बसणं झालं तरच फी भरा. दोन वर्षांनी जपानला जाल तेव्हा स्टेशनवरची पाटी वाचता येईल आणि जेवणात मासा आहे का हे विचारता येईल. तुम्ही शाकाहारी असल्याचं लिहिलंय. तिथे साध्या भाजीच्या सुपातही अनेकदा माशाचा अर्क असतो, म्हणून हे विचारता येणं फार उपयोगाचं.

11,500 ची वाटणी अशी झाली: 7,000 जपान, 2,500 भाषा, 2,000 हातखर्च. या दोन हजारांची ओढणी घ्या, डबे घ्या, कुणाला हिशेब देऊ नका. फक्त ते वेगळ्या खात्यात ठेवा आणि खरेदीच्या ॲपला तेच खातं जोडा. मोठं कार्ड तिथून काढून टाका.

सहलीच्या बाबतीत थोडं आणखी. परदेशी टूरच्या पैशांवर कंपनी टीसीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) वसूल करते. त्याचा दर बदलत आला आहे, म्हणून बुकिंगच्या वेळचा दर विचारा आणि किमतीत तो धरला आहे का हे लेखी घ्या. नव्या कररचनेत पगारदाराला 12,75,000 पर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. फरक धरूनही तुम्ही त्याच्या बऱ्याच खाली आहात, त्यामुळे टीसीएस पूर्ण परत मिळेल, मात्र विवरणपत्र भरलं तरच आणि काही महिन्यांनी. व्हिसासाठीही विवरणपत्रं आणि बँकेचा उतारा मागतात, म्हणून यंदापासून दरवर्षी भरा. पासपोर्ट आत्ताच काढून ठेवा, 36 पानी साध्या पासपोर्टचं शुल्क 1,500 रुपये आहे. संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र आणि रजा-मंजुरीचा अर्ज बुकिंगच्या आधी. टूरचं आगाऊ बुकिंग येळवशीच्या (वेळ अमावस्या, डिसेंबर-जानेवारी) सुमारास करा, पण रद्द केल्यास किती पैसे कापतात ते वाचूनच. जपानमध्ये कार्ड वापरताना यंत्राने "रुपयांत की येनमध्ये" विचारलं तर येन निवडा. रुपये निवडले तर विनिमयाचा दर दुकानाकडची यंत्रणा ठरवते आणि तो बहुधा महागात पडतो.

आवर्ती ठेवीच्या कपातीची तारीख 10 ठेवा. तुमचा पगार कधी 2 ला, कधी 7 ला होतो असं लिहिलंय. 1 तारीख दिलीत तर खात्यात पैसे नसताना हप्ता चुकेल आणि दंड पडेल.