आधी डबा बघ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "मावशी, काहीच समजंना गेलंय. तिकिटावर प्लॅटफॉर्मचा नंबर नाही, चार्ट कुठं लागतो माहीत नाही, अन् गाडी एक हाय का दोन तेबी कळंना," असं तू म्हणालीस. आणि मी काही बोलायच्या आत, "जाऊ दे, चढले की झालं!" त्या शेवटच्या तीन शब्दांपायी हे पत्र लिहायला बसले आहे. मेथी तशीच पडली आहे.

जर्मनीतल्या हांबुर्गहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत रात्रीचा प्रवास, तोही एकटीनं, याचं मला काही वाटत नाही. सेलूहून निघून तू तिथं दीड वर्ष राहिलीस, तुला धीर द्यायची गरज नाही. मला भीती आहे ती ‘चढले की झालं’ची.

ही आपल्या अंगात मुरलेली सवय आहे. सेलूच्या स्टँडवर एसटी थांबायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं आपण. परभणीला देवगिरी येते, जरा थांबते न थांबते तोच समोर येईल त्या दारातून आत शिरायचं आणि मग बॅगा आपटत, लोकांचे पाय तुडवत आपल्या बर्थपर्यंत जायचं. इथं ते खपतं, कारण देवगिरीचा पहिला डबा ज्या गावाला जातो त्याच गावाला शेवटचाही जातो. तुझ्या गाडीचं तसं नाही. हांबुर्गहून सुटणारी रात्रगाडी आणि आम्सटरडॅमहून येणारी रात्रगाडी अपरात्री न्युर्नबर्गला भेटतात. तिथं डब्यांची अदलाबदल होते. व्हिएन्नाचे डबे एकीकडे, इन्सब्रुकचे दुसरीकडे. सगळे झोपेत असतात. चुकीच्या डब्यात असलीस तर सकाळी इन्सब्रुकला खिडकीतून आल्प्सचे डोंगर फार सुंदर दिसतील, आणि तुझी मुलाखत असेल व्हिएन्नाला.

म्हणून आधी डबा बघ. गाडी नंतर.

तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. १९९७ साली मी सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी तिकडं गेले होते. शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या शहरात परिषद होती आणि तिथं मला आपल्या काळ्या मातीतल्या ओलाव्यावर पंधरा मिनिटं बोलायचं होतं. त्या पंधरा मिनिटांसाठी मी दोन वर्षं मातीचे नमुने वाळवले होते. फलाटावर पोचायला उशीर झाला, गाडी उभी होती, मी समोरच्या दारातून चढले. दाराशेजारी पाटी होती. ती मी पाहिली, वाचली नाही. आत एक रिकामी जागा दिसली, म्हटलं बसू, मग शोधू. डोळा लागला. उजाडलं तेव्हा गाडी भलत्याच गावात उभी होती आणि माझ्या डब्यापुढं ओळखीचा एकही डबा नव्हता. परिषदेच्या हॉलवर पोचले तेव्हा खुर्च्या आवरत होते.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? माझे वडील पूर्णा जंक्शनला पॉइंट्समन, म्हणजे रूळ बदलणारे, होते. मीटरगेजच्या काळातलं पूर्णा म्हणजे रात्रभर शंटिंग. डबे तोडायचे, जोडायचे, कपलिंगचा तो खाड् आवाज ऐकतच मी झोपायची. एका गाडीचे डबे दोन दिशांना जातात हे मला अक्षरओळखीच्या आधी माहीत होतं. तरी मी पाटी वाचली नाही. परत आल्यावर ऑफिसात मी सांगितलं की रेल्वेनं नीट घोषणा केली नाही. खरंही होतं ते, जर्मन घोषणा मला कशी कळणार? पण पाटीवर गावाचं नाव रोमन अक्षरांत लिहिलेलं होतं आणि ते मला वाचता येत होतं. पुढं मला कुणी बाहेर पाठवलं नाही. त्याला दुसरी कारणंही होती, ती इथं लिहीत नाही.

आता नीट ऐक. तुझ्या आरक्षणावर ‘वागेन’ असा शब्द आहे, त्यापुढचा आकडा हा तुझा डबा. ‘प्लाट्झ’ म्हणजे तुझा बर्थ. फलाटाला ते ‘ग्लाईस’ म्हणतात. स्टेशनवर पिवळा कागद लावलेला असतो तो सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा दिसला तर तो येणाऱ्यांचा. घाईत लोक पांढऱ्यावर गाडी शोधतात आणि सापडत नाही म्हणून रडकुंडीला येतात. फलाटाला ए, बी, सी असे भाग पाडलेले असतात, आणि कुठला डबा कुठल्या अक्षरापुढं लागणार याचा तक्ता फलाटावरच्या पडद्यावर दिसतो. परभणीला "एस-चार कुठं लागतो हो?" म्हटलं की चहावाला हात करून दाखवतो, तिथं ते काम हा तक्ता करतो. पण कधीकधी गाडी उलटी लागते. त्याला ‘उमगेकेर्टं वागेनरायउंग’ म्हणतात. ‘उमगेकेर्टं’ एवढा एक शब्द घोषणेत ऐकू आला की ए कडची चालायला लाग जी कडं. मोबाईलवर सगळं येतं म्हणालीस. येतं गं. मोबाईलला फलाट कळतो, तू कुठल्या दारात पाय ठेवलास ते कळत नाही.

दारापाशी डब्याचा नंबर असतो आणि डबा कुठं जाणार ते गाव असतं. दोन्ही वाच. मोठ्यानं वाच, मग चढ. शंका आली तर दारातल्या अटेंडंटला नुसतं "व्हीन?" विचार, व्हिएन्नाला ते तसं म्हणतात. एवढ्यावर तो मान हलवील नाहीतर बोट दाखवील. त्याचं इंग्रजी कसं आहे, तुझं जर्मन कसं आहे, हा प्रश्नच येत नाही. आणि सुटायच्या आधीच दारं बंद होतात, धावत्या गाडीला लोंबकळायची सोय नाही, तेव्हा पाऊण तास आधी जा. बाकी चादर-उशी ते देतात, सामान उशाशी घे, धपाटे करून ने.

माझी सून म्हणते, आई अजून देवगिरीलासुद्धा डब्याचा नंबर हात लावून बघतात, मग चढतात. तिला वाटतं, ही माझी भीती आहे. भीती असती तर मी नंतर एकटी अमृतसरपर्यंत सचखंडनं गेले नसते. मला हात लावून बघायचं असतं, बस. वीस सेकंद लागतात. त्या वीस सेकंदांसाठी कुणी मला हसलं तर हसू दे, तूही त्यातली असलीस तरी चालेल, फक्त तू तेवढं कर.

शुक्रवारी तुझे तिकडचे साडेआठ होतील तेव्हा इथं रात्रीचे बारा वाजलेले असतील. मी जागी आहे. दारावरच्या पाटीचा फोटो पाठव. बर्थचा नको, खिडकीतला नको. पाटीचा. नंबर आणि गाव दोन्ही दिसलं पाहिजे. तो आला की मी दिवा मालवीन.

तुझी,
परभणीची मावशी