पुढे चाल मिळाली तर पेढे, लढून हरला तर अबोला

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे, दोन वर्षं झाली तालमीत जातोय. मागच्या वर्षी तालुक्याला समोरचा पोरगा वजनालाच आला नाही, याला पुढे चाल मिळाली आणि हा पहिला. आमच्या ह्यांनी गल्लीभर पेढे वाटले. यंदा जिल्ह्याला दोन कुस्त्या मारून फायनलला गेला आणि ८-७ ने हरला. तेव्हापासून हे त्याच्याशी नीट बोलत नाहीत, खुराक बंद करा म्हणतात, आणि पोरगा पहाटे उठेना झालाय. त्याला कसं समजावू? – एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, पोराला काय समजवायचं, समजवायचंय ते घरातल्या मोठ्या पैलवानाला! अहो, पेढे वाटले ती कुस्ती झालीच नव्हती आणि जी खरी झाली, पोरगा घामाने निथळला, सात पॉइंट काढले, त्यावर घरात अबोला. पोरं हुशार असतात, त्याने बरोबर हिशोब मांडलाय की इथे कष्टाला भाव नाही, नुसत्या निकालाला आहे, मग पहाटे चारला उठून जोर मारायचे कशाला?

तुमच्याच जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं ऑलिम्पिकमधलं कुस्तीचं ब्राँझ मेडल, हेलसिंकी १९५२, सगळ्यांना पाठ असतं. पण त्याआधी १९४८ ला ते लंडनला गेले होते, लाल मातीतला गडी, गादीवरच्या कुस्तीची सवय नाही, नियम वेगळे, आणि नंबर आला सहावा. सहाव्याला कोण पेढे वाटतं? पण पुढची चार वर्षं या माणसाने अंग मोडून मेहनत केली, आणि हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. मला मेडलपेक्षा हे जास्त भारी वाटतं, कारण मेडल तेव्हा आलेलंच नव्हतं. मेडल आल्यावरच्या मिरवणुकीतल्या बैलगाड्या नंतरच्या. घर गहाण पडलं ते लंडनला सहाव्या आलेल्या गड्यासाठी.

मात्र पोराला "हरणं-जिंकणं काही नसतं रे बाळा" असलं काही सांगू नका प्लीज. एका पॉइंटने गेलेली कुस्ती रात्री झोपेत पण दिसते, ते दुखणारच, दुखू दे. त्यापेक्षा ह्यांना म्हणावं एक दिवस त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, तो शेवटचा पॉइंट कसा गेला, पट काढताना (समोरच्याचे पाय धरताना) मान खाली गेली का, दम तुटला का. निकाल सोडून कुस्तीबद्दल विचारलं ना, की बघा पोरगा उठून चटईवर डाव करून दाखवायला लागेल. वस्तादांनाही एकदा घरी चहाला बोलवा, बापाने तुमचं ऐकलं नाही तरी वस्तादाचं ऐकेल. पोरगा पहाटे लगेच नाही उठला तर चार-आठ दिवस ओढाताण करू नका, आणि त्याला खरंच कुस्ती नको झाली असेल तर तेही ऐकून घ्या.

खुराक मात्र आजपासून परत चालू. वाढीचं वय आहे, दूध-बदामाचा आणि ८-७ चा काय संबंध?