डोळे ठीक आहेत, मग आईला समोरचं का दिसत नाही?

"नंबर तपासला, मोतीबिंदूही नाही. तरी समोर ठेवलेली वस्तू आईला सापडत नाही. मुद्दाम करते का हो?" मेंदूला मार बसलेल्या किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या माणसांच्या घरचे मला हा प्रश्न सतत विचारतात, कारण अशा माणसांच्या मेंदूच्या कामाच्या चाचण्या मी घेते.

ठाण्यात वागळे इस्टेटजवळ राहणाऱ्या एका काकूंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. उभं आयुष्य ब्लाउज शिवण्यात गेलेलं. मुलाच्या स्कूटरवरून घोडबंदर रोडला पडल्या आणि डोक्याला उजवीकडे मागच्या बाजूला मार लागला. आता हातपाय चालतात, बोलणं स्वच्छ आहे. पण स्वतःच कापलेले तुकडे समोर मांडले की कटोरी कुठली, बाही कुठली, उमगत नाही. घरच्यांनी ठरवून टाकलं, आईचं कामातून मन उडालंय.

मी त्यांना हूपर यांची चाचणी दिली. 1958 सालची आहे ही. रोजच्या वस्तूंची 30 रेखाचित्रं, प्रत्येकाचे तुकडे करून विस्कटून छापलेले. ते मनात जोडायचे आणि नाव सांगायचं. (चित्रं कसली ते इथे लिहीत नाही. आधी पाहिली असली की चाचणी वाया जाते.) गुण कमी आले, मुलाचा चेहरा उतरला. मला मात्र गुणांपेक्षा चुका वाचायला आवडतात. काकू "माहीत नाही" म्हणत नव्हत्या, एकच तुकडा धरून उत्तर देत होत्या. म्हणजे तुकडा नीट दिसत होता, अख्खं जुळत नव्हतं. न तोडलेली चित्रं दाखवली तर नावं भराभर आली. ही खात्री करावीच लागते, कारण वाचाघात झालेल्या माणसाला वस्तू कळते, नाव सापडत नाही, आणि गुण त्याचेही कमीच येतात.

पुढच्या एका भेटीत मी कापलेलं कापड घेऊन यायला सांगितलं. काकू तुकड्यांकडे नुसत्या बघत राहिल्या.

"काकू, शिकायला येणाऱ्या मुलींना काय सांगायचात?"

"सांगायचं काय त्यात? आधी पाठ मांड. मग खांद्याला खांदा लाव. मुंढा बघ, बाही तिथंच बसते."

"मग आज मला शिकवा."

त्या बोलू लागल्या आणि बोट आपोआप कापडाच्या कडेवरून फिरू लागलं. "हा खांदा... हा मुंढा... अहो मॅडम, ही तर बाही!" मुलगा खुर्चीतून उठलाच.

दुसऱ्या महायुद्धात मेंदूला जखमा झालेल्या सोव्हिएत सैनिकांना सावरताना तिथले मेंदू-मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी हेच मांडलं होतं: एक वाट बंद झाली तर तेच काम दुसऱ्या वाटेने करवून घेता येतं. काकूंच्या नजरेला एका झटक्यात न जमणारं काम शब्द आणि बोट मिळून पायरीपायरीने करत होते. चाचणी फक्त नुकसान मोजते असं मानणारे आमच्यात पुष्कळ आहेत. मी त्यांतली नाही.

घरच्यांनी "समोरच तर आहे!" हे वाक्य आधी बंद करावं. खणात मोजक्या वस्तू, त्याही ठरलेल्या जागी ठेवाव्यात. भात रंगीत ताटात वाढावा, पांढऱ्यावर पांढरा हरवतो. शोधताना वस्तूचं वर्णन मोठ्याने करू द्यावं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नुसता नंबर नको, दृष्टिक्षेत्रही (नजर समोर स्थिर ठेवून आजूबाजूचं कुठवर दिसतं ते) तपासून घ्या. ताटातलं डावीकडचं जेवण तसंच राहत असेल, डावा खांदा दाराला आपटत असेल, तर ते वेगळं दुखणं आहे, तपासणाऱ्याला मुद्दाम सांगा. आणि पूर्ण तपासणी होईपर्यंत गाडी हातात देऊ नका, कितीही हट्ट केला तरी.

मुलाने विचारलं, गिऱ्हाइकांचे ब्लाउज कधी घ्यायचे? तारीख मी दिली नाही. काही महिन्यांनी पुन्हा तपासू म्हटलं. तोवर घरचेच, सुती, बिनअस्तराचे शिवायचे. मुंढ्यावर आणि बाहीवर एकाच रंगाच्या खडूची खूण करायची. पैठणीचं कापड मात्र इतक्यात नको, असं काकूंनीच बजावलं.