डॉक्युमेंट्रीसाठी डिग्री सोडू का?

प्रश्न : मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मन अजिबात लागत नाही, चार विषय राहिलेत. वर्षभर हॉस्टेलवरचं माझं जगणं मोबाईलवर शूट करतोय. कॉलेज सोडून हीच डॉक्युमेंट्री पूर्ण करून एफटीआयआयला (पुण्याच्या फिल्म संस्थेत) जावं म्हणतो. – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : कॉलेज सोडलंस तर एफटीआयआयचं दारही बंद होईल. तिथल्या दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना पदवी लागते. कोलकात्याची सत्यजित राय फिल्म संस्था आणि दिल्लीच्या जामिया विद्यापीठाचा मास कम्युनिकेशनचा एमए इथेही तेच. पदवी कुठल्याही शाखेची चालते. तेव्हा आधी केट्या, म्हणजे राहिलेले विषय, काढ. शूटिंग बंद करू नकोस, आठवड्याला दोन-तीन तासांवर आण.

आता फिल्मचं. रात्री दोनला कॅमेऱ्यात बघून ‘कंटाळा आलाय’ म्हणणं फार तर तीन मिनिटं टिकतं. त्याऐवजी कोरी राहिलेली जर्नल दाखव, आणि घरचा फोन आल्यावर ‘हो, अभ्यास चालू आहे’ म्हणणारा तू. पण आईचा आवाज तिला न विचारता घेऊ नकोस. दर वेळी विचारलंस तर ती जपून बोलेल; एकदाच सगळं समजावून संमती रेकॉर्ड करून घे आणि कुणालाही दाखवण्याआधी तिला दाखव. रूममेटकडून लेखी घे. पुढे नोकरीच्या वेळी तोच अडचणीत येतो.

अशा फिल्म बहुतेक आवाजात मार खातात. बोलणं घेताना पंखा बंद कर. कॉलर माइक नसेल तर दुसरा फोन शर्टाच्या खिशात रेकॉर्डिंगवर ठेव, सुरुवातीला एक टाळी वाजव. त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवता येतात. खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट वेगळी घे, संकलनात सांधे झाकायला लागते. मोबाईल फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) कमी-जास्त करतो, म्हणून लांब शॉटमध्ये ओठ आणि आवाज सुटतात. हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट कॉन्स्टंट करून मगच फाइल दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाक; दोन्ही फुकट मिळतात. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं ते ५० हर्ट्झ विजेमुळे: २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेव. फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर हवं.

वर्षभराचं सगळं बघून तारीखवार वही कर. पहिला कट पंधरा मिनिटांच्या आत बसव.

आणि मन न लागण्यासोबत झोप-जेवणही उडालं असेल, तर कॅमेरा बाजूला ठेवून १४४१६ वर फोन कर. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, मोफत आणि चोवीस तास.