दान्ते मुलांना वाचून दाखवताना

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची, मुलगा तेरा. इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या काव्याचे पहिले काही सर्ग सलग वाचून दाखवले. ती घाबरली, तो कंटाळला. काय चुकलं?

उत्तर : सलग वाचलंत, तिथेच चुकलं. काव्यात नरक, शुद्धिलोक, स्वर्ग असे तीन भाग, 100 सर्ग आहेत, 14,233 ओळी; आणि त्यांत दान्तेच्या फ्लॉरेन्स शहराच्या राजकारणातली कितीतरी माणसं, जी मुलांच्या ओळखीची नाहीत. गोष्ट तुमच्या शब्दांत सांगा, मूळ काव्यातल्या दहा-पंधराच ओळी वाचा आणि वीस मिनिटांत थांबा. सुरुवात अरण्यात वाट चुकलेल्या पस्तिशीतल्या माणसापासून, म्हणजे खुद्द दान्तेपासून : समोर बिबट्या, सिंह, लांडगीण, मदतीला तेराशे वर्षांपूर्वीचा कवी व्हर्जिल. पुढे नरकात मृतांना नदीपार नेणाऱ्या खारोनची होडी (सर्ग 3), तीन तोंडांचा कुत्रा सर्बेरस (6), ज्याच्या तोंडांत व्हर्जिल मूठमूठ माती कोंबतो, आणि सज्जन चेहऱ्याचा, विंचवाच्या नांगीचा राक्षसी प्राणी गेरिऑन (17), ज्याच्या पाठीवर बसून दोघे खाली उतरतात. तेरावा, अठ्ठाविसावा आणि तेहेतिसावा सर्ग आता नको. आत्महत्या, चिरलेली शरीरं, मनोऱ्यात कोंडलेल्या मुलांची उपासमार हे लहानांना झेपत नाही.

चौतिसाव्या सर्गाला मात्र एक अख्खी बैठक द्या. नरकाच्या तळाशी आग नाही, बर्फ आहे! ल्युसिफर, म्हणजे सैतान, सहा पंख फडफडवतो, त्या वाऱ्याने तळं गोठतं, आणि तो स्वतःच त्यात अडकून राहतो. दान्ते व्हर्जिलच्या गळ्याला मिठी मारतो, व्हर्जिल ल्युसिफरच्या अंगावरच्या केसांना लोंबकळत उतरतो, आणि कमरेशी पोचल्यावर एकदम उलटा वळून चढायला लागतो. का? इथे पुस्तक मिटा, चेंडू आणा. पृष्ठभागापासून मध्यापर्यंत बोट न्या, मग त्याच रेषेत पलीकडे. ‘खाली’ कुठपर्यंत होतं, ‘वर’ कुठून सुरू झालं? सगळी वजनं ज्याकडे ओढली जातात, तो पृथ्वीचा मध्य दान्तेने चौदाव्या शतकातच कथेत असा बसवलाय. उत्तर मुलांनाच शोधू द्या.

प्रश्न : नरक झाला की थांबलं तर चालेल?

उत्तर : नाही. तिथे थांबलात तर मुलांच्या मनात शिक्षांची यादीच उरते आणि भीतीही तशीच राहते. मुलांसाठी सगळ्यात चांगला भाग आमच्या मते शुद्धिलोकाचा डोंगर, जिथे मेलेल्यांची पापं टप्प्याटप्प्याने धुतली जातात. या भागाच्या नवव्या सर्गात देवदूत तलवारीच्या टोकाने दान्तेच्या कपाळावर सात ‘पी’ कोरतो, पापासाठीच्या लॅटिन शब्दाचं पहिलं अक्षर. दर टप्प्यावर एक पुसलं जातं. पहिल्या टप्प्यावर गर्विष्ठ लोक दगडांच्या ओझ्याने वाकून चालतात. ते पाहून निघताना दान्तेला अचानक हलकं वाटतं. कपाळावरचं एक अक्षर गेलंय, हे त्याला कळलेलंच नसतं. कागदाच्या सात चिठ्ठ्या चिकटवा, दर टप्प्याला एक काढा. चिठ्ठी काढताना ‘तू कुठे चुकलास?’ असं मात्र विचारू नका. काव्याचं कीर्तन होतं, आणि पुढच्या बैठकीला कुणी येत नाही.

स्वर्गाला दोन बैठका पुरे : चंद्रापासून सुरू होणारे ग्रहगोल, आणि शेवटचा सर्ग. तिन्ही भागांचा शेवटचा शब्द एकच, ‘स्तेल्ले’, म्हणजे तारे. हे सांगू नका; तिन्ही शेवट मोठ्याने वाचा.

प्रश्न : फ्रेंच चित्रकार गुस्ताव दोरेने या काव्यासाठी काढलेली चित्रं दाखवावीत का?

उत्तर : मुलांनी स्वतःची चित्रं काढल्यावर. आधी दाखवली की ती दोरेचीच नक्कल करतात. अरण्याचं चित्र दोघांना चालेल. खोल नरकातली धाकटीला तूर्त नकोत.