डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला म्हणून लगेच ऑइल पंप बदलू नकोस

आधी इंजिन बंद कर. गाडी सपाट जागी लाव, दहा मिनिटं थांब आणि डिपस्टिक बघ. तेलच कमी असेल तर पंप बिचारा हवा ओढणार. तेल बरोबर असेल, तर प्रेशर स्विच (हा दिवा लावणारा) काढून त्या जागी तेलाचा दाब मोजणारं मेकॅनिकल गेज लावायला सांग. काम फार मोठं नाही, पण बरेच मेकॅनिक टाळतात. इंजिन गरम असताना हजार आरपीएममागे साधारण 10 पीएसआय (दाबाचं एकक), हा जुना ठोकताळा. नेमका आकडा तुझ्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघ. गेज नीट दाखवत असेल तर दोष बहुधा स्विचचा किंवा वायरिंगचा.

बहुतेक गाड्यांत पंप म्हणजे एकात एक फिरणारे दोन दातेरी रोटर, क्रँकशाफ्टच्या जोरावर चालणारे. सतत तेलात असल्यामुळे ते सहसा लवकर झिजत नाहीत. खरा घोळ चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यातल्या गाळणीत. माझ्या जुन्या गाडीची गाळणी काढली तर जाळीवर डांबरासारखा काळा थर, आणि त्यात सिलिकॉनचे लाल धागे! आधी कुणीतरी चेंबर बसवताना सीलंट सढळ हाताने फासलं होतं. स्पीडब्रेकरला घासून चेंबर आत दबला असेल तरी गाळणीचं तोंड बंद होतं, तेव्हा खालून वाकूनही बघ.

पंप बदलायचाच झाला तर आत तेल भरूनच बसव, कोरडा पंप पहिल्या स्टार्टला तेल उचलत नाही. पेट्रोल गाडी असेल तर इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढून थोडा थोडा सेल्फ मार. दिवा विझला की मग फ्यूज लावून स्टार्ट कर.